आश्रित परिचारिका : एक नैतिक विचार

आपल्या भागातील मराठी घरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत लग्नाच्या बोलण्यांमध्ये एक इंग्रजी शब्द चांगलाच रुळला आहे. तो शब्द म्हणजे 'डिपेंडंट'. मुलगा अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर नोकरीस आहे, मुलगी डिपेंडंट म्हणून जाईल, असे वरपक्ष सांगतो आणि वधूपक्ष समाधानाने मान डोलावतो. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली असते. आदिलाबाद, निर्मल किंवा हैदराबादच्या एखाद्या रुग्णालयात तिने दोन-तीन वर्षे दिवसपाळ्या आणि रात्रपाळ्या केलेल्या असतात. पण त्या बैठकीत तिच्या शिक्षणाचा उल्लेख 'मुलगी शिकलेली आहे' एवढ्यापुरताच येतो. तिच्या व्यवसायाचे तिकडे पुढे काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. आणि एखाद्या मामाने विचारलेच, तर 'तिकडे नर्सांना फार मागणी आहे' या एका वाक्यात तो विषय मिटतो.

मागणी आहे हे खरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे ५८ लाख परिचारिकांची उणीव होती. तथापि मागणी असणे आणि काम करण्याची मुभा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतरात आज अनेक शिकलेल्या मुली अडकून पडल्या आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एका प्रश्नाचा विचार करू इच्छितो. परावलंबी झालेल्या माणसाला आधार देण्याची विद्या जिने मिळविली, तिलाच परावलंबी ठरवून ती विद्या बाजूला ठेवायला लावणे न्याय्य आहे काय? आणि न्याय्य नसेल, तर त्याचा दोष परक्या राज्याकडे किती जातो आणि आपल्याकडे किती येतो?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसाधारकाच्या पत्नीस वा पतीस एच-फोर हा आश्रिताचा व्हिसा मिळतो. त्यावर तेथे राहता येते, शिकता येते. पण केवळ त्या व्हिसाच्या आधारावर नोकरी करता येत नाही. २६ मे २०१५ पासून या नियमाला एक अपवाद झाला. पतीच्या कायम वास्तव्यासाठी त्याच्या कंपनीने केलेला अर्ज मंजूर झाला असेल, किंवा त्या प्रक्रियेमुळे त्याच्या व्हिसाला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तर पत्नीला कामाचा परवाना मागता येतो. या अपवादाला तेथील न्यायालयांत आव्हान दिले गेले. २०२५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला, म्हणून तो टिकला. म्हणजे पत्नीने काम करावे की नाही, हे पतीच्या कंपनीने कोणता कागद केव्हा पाठविला यावर अवलंबून राहते.

परिचारिकेची अडचण याहून थोडी निराळी आहे. 'एनक्लेक्स' ही अमेरिकेतील परवान्याची परीक्षा आता हैदराबादेत किंवा मुंबईतही देता येते. पण ती उत्तीर्ण झाल्यावरही काही राज्यांत परवान्यासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो, आणि कामाची परवानगी नसलेल्या आश्रितास तो सहसा मिळत नाही. वॉर्डातील सर्वसाधारण परिचारिकेच्या पदासाठी एच-वन-बी व्हिसाही बहुधा मिळत नाही. स्वतःच्या नावाने ग्रीन कार्डाच्या मार्गाने जावे, तर भारतात जन्मलेल्यांची त्या वर्गातील रांग दहा वर्षांहून लांब आहे.

सर्व देश सारखे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये कुशल नोकरदाराच्या आश्रित पत्नीस नोकरी करता येते. परिचारिकेला मात्र इंग्रजीची परीक्षा, संगणकावरील परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा देऊन तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव घालावे लागते. जर्मनीत कुटुंब म्हणून गेलेल्या पत्नीस काम करण्याची मुभा आहे, पण जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत यावी लागते आणि इथल्या पदवीची मान्यता मिळवावी लागते. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून नोकरदारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या पतिपत्नींना मिळणारा खुला कामाचा परवाना बराच आखडता घेतला. पती कोणत्या दर्जाच्या नोकरीत वा अभ्यासक्रमात आहे, यावर तो आता ठरतो. मुलगी तीच, पदवी तीच, हात तेच. पण एका देशात ती परिचारिका असते आणि दुसऱ्या देशात केवळ कोणाची तरी पत्नी. या विसंगतीतूनच नैतिक प्रश्न उभा राहतो.

पत्नीची कायदेशीर ओळख पतीवरून ठरविण्याची रीत परकीयांनीच शोधून काढली, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या पिढीला मुलकी नियम आठवत असतील. हैदराबाद संस्थानात १९१९ च्या फर्मानाने ते लागू झाले. संस्थानाची नोकरी मुलकी माणसालाच मिळावी, हा त्यांचा हेतू. बाहेरून आलेल्या माणसाने पंधरा वर्षे वास्तव्य करावे आणि पूर्वीच्या गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे, तेव्हा तो मुलकी होई. स्त्रीसाठी मात्र एक सोपी वाट होती: ती मुलकी पुरुषाची पत्नी असली की मुलकी. यवतमाळ, चांदा या बाजूंनी लग्न होऊन इकडे आलेल्या आपल्या आज्या-पणज्या अशा रीतीने एका दिवसात मुलकी झाल्या आणि त्यांचे आजेसासरे पंधरा वर्षे वाट पाहत राहिले होते. येथे आश्रिताच्या नात्याने स्त्रीला लाभ झाला, हे नोंदविले पाहिजे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातही विवाहाने स्त्रीला पतीचे अधिवास प्राप्त होते असे कलम आहे, जरी तो भाग हिंदूंना लागू नसला तरी. अमेरिकेत तर १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्वच जात असे. १९२२ च्या केबल कायद्याने ते बहुतांशी थांबले, पण नागरिकत्वास अपात्र मानल्या गेलेल्या आशियाई पुरुषाशी विवाह करणाऱ्या स्त्रीची त्यातून सुटका व्हायला १९३१ उजाडावे लागले.

या सर्व नियमांमागे एकच कल्पना आहे: कुटुंब हे एक घटक आणि त्याचा कर्ता एक. या कल्पनेत काही वाईटच आहे असे आम्हांस वाटत नाही. कुटुंबाची ताटातूट होऊ नये म्हणून राज्याने पत्नीला पतीपाठोपाठ येऊ द्यावे, ही दयाबुद्धीच आहे. आखाती देशांत गेलेल्या आपल्या जिल्ह्यातील हजारो मजुरांना तुटपुंज्या पगारामुळे कुटुंब नेण्याची परवानगीच मिळत नाही. त्यांच्या बायकांना विचारले तर आश्रिताचा व्हिसा हे भाग्य आहे असेच त्या म्हणतील. तेव्हा आश्रितपणाला सरसकट नावे ठेवून चालणार नाही. त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करावयास हवा.

शासकीय सेवेत ज्यांची हयात गेली, त्यांना 'आश्रित' या शब्दाचा एक निराळा अर्थ परिचयाचा आहे. कर्मचाऱ्याच्या आश्रितांची यादी असते. त्या यादीत नाव असले म्हणजे वैद्यकीय खर्चाची भरपाई मिळते, कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. आणि कर्मचारी सेवेत असताना मृत्यू पावला, तर अनुकंपा तत्त्वावर नोकरी कोणाला द्यावयाची? आश्रितालाच. आपल्या प्रशासनात आश्रित असणे हा नोकरी मागण्याचा आधार ठरतो; एच-फोर व्हिसावर आश्रित असणे हे नोकरी नाकारण्याचे कारण ठरते. एकाच शब्दाचे हे दोन टोकांचे उपयोग पाहिले, म्हणजे ध्यानात येते की दोष शब्दात किंवा अवलंबून असण्यात नाही. अवलंबून असलेल्या माणसाकडे राज्य कोणत्या दृष्टीने पाहते, त्याला पायांवर उभे करावयाचे की बसवून ठेवावयाचे, यात तो आहे.

परिचारिकेचे काम या बाबतीत आपल्याला बरेच शिकवू शकते. अलास्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, शैशव, आजार आणि वार्धक्य यांमुळे मनुष्यप्राणी मुळातच परावलंबी आहे, आणि नीतिशास्त्राने या गोष्टीकडे फार दुर्लक्ष केले. परिचारिकेला हे ग्रंथ वाचून कळावे लागत नाही. आज ताठ मानेने चालणारा तहसीलदार उद्या अर्धांगवायूने खाटेवर पडला की त्याला कुशीवर वळविण्यासाठी दोन माणसे लागतात, हे ती रोज पाहते. त्याला दर दोन तासांनी वळविले नाही तर पाठीला जखमा होतात, ती वळविते. पण एवढ्यावर ती थांबत नाही. तो स्वतःच्या हाताने पेला धरू लागावा, आधाराने का होईना चार पावले टाकावीत, यासाठी ती त्याच्या मागे लागते. ज्या रुग्णाला स्वतः जेवता येते त्याला भरविणे, ज्याला चालता येते त्याला खाटेवर खिळवून ठेवणे, हे परिचर्येच्या शास्त्रात चुकीचे मानले जाते. कारण न वापरलेले स्नायू झडतात. हाच निकष आम्ही परिचारिकेच्या स्वतःच्या स्थितीला लावू इच्छितो. ज्याला गरज आहे त्याला आधार द्यावा. ज्याला शक्ती आहे त्याची शक्ती आधाराच्या नावाखाली झडू देऊ नये.

आणि विद्या झडते, हे अलंकारिक बोलणे नव्हे. ब्रिटनमध्ये परिचारिकेला आपली नोंदणी टिकविण्यासाठी दर तीन वर्षांत ४५० तासांचे प्रत्यक्ष काम दाखवावे लागते. आपल्याकडेही राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणीचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. औषधाची मात्रा मोजणारी नजर, शीर शोधणारी बोटे, रुग्णाचा श्वास बदलला हे दारातूनच ओळखणारा कान, ही पुस्तकात साठवून ठेवण्याची विद्या नाही. पाच-सहा वर्षे घरी बसलेल्या परिचारिकेला परवाना मिळाला तरी पहिल्या रात्रपाळीत तिचे हात कापतात. वकिलाने किंवा संगणक अभियंत्याने घरी बसून थोडेफार वाचन चालू ठेवावे, तसे येथे जमत नाही. रुग्णाशिवाय परिचर्येचा अभ्यास होत नाही.

महाराष्ट्रात या व्यवसायाचा आरंभ कसा झाला, हे आठवले म्हणजे आजच्या स्थितीतील विपरीतपणा अधिक जाणवतो. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी त्याची उभारणी केली. सेवासदनाने ज्या मोजक्या वाटा स्त्रियांसाठी उघडल्या, त्यांत परिचारिकेचे शिक्षण ही एक प्रमुख वाट होती. ससून रुग्णालयात त्यांना धडे मिळत. शिकणाऱ्यांमध्ये विधवा पुष्कळ होत्या. त्या काळच्या विधवेइतकी पूर्णपणे आश्रित व्यक्ती दुसरी कोणती होती? दिराच्या किंवा भावाच्या घरी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, बोलावल्याशिवाय पुढे न येणारी. परक्या पुरुषाला स्पर्श करणारे, परजातीच्या माणसाचे मलमूत्र काढणारे हे काम चांगल्या घरच्या बाईने करू नये, असा लोकमताचा जबरदस्त दाब असताना त्या गेल्या, शिकल्या आणि स्वतःच्या पगारावर उभ्या राहिल्या. मराठी स्त्रीच्या बाबतीत परिचारिकेचा व्यवसाय हा आश्रितपणातून बाहेर पडण्याचे दार म्हणून आला. शंभर वर्षांनंतर त्याच व्यवसायाची पदवी घेतलेल्या मुलीला विवाहाच्या निमित्ताने आपण पुन्हा त्याच दारातून आत पाठवीत आहोत. स्वयंपाकघर मोठे आहे, त्यात भांडी धुण्याचे यंत्र आहे, हा फरक आहे खरा. पण तो मुख्य मुद्द्यावरचा फरक नव्हे.

येथे कोणी म्हणेल की, विवाहानंतर पत्नीने पतीमागे जाणे ही आपली रीतच आहे, त्यात अपमान कसला? या आक्षेपाला उत्तर देण्याचा एक जुना उपाय आहे: भूमिका उलटवून पाहावी. योगायोगाने मराठी इतिहासातच असे उदाहरण आहे. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातील नोकर. पत्नीला घेऊन अमेरिकेला जावे आणि तेथे स्वतःसाठी नोकरी मिळवावी, असा त्यांनी आधी पत्रव्यवहार केला होता. ते जमले नाही. अखेर एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या निघाल्या आणि गोपाळराव मागाहून गेले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या काळी व्हिसा नव्हता, पण आजच्या भाषेत बोलायचे तर तेथे मुख्य अर्जदार आनंदीबाई होत्या आणि आश्रित गोपाळराव. ज्या पुरुषाने हट्टाने पत्नीला शिकविले, त्यालाही तिचा नवरा म्हणून ओळखले जाणे सोपे गेले नाही. त्यांच्या त्या काळातील कडवट वागण्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे.

दुसरे उदाहरण केरळचे. तेथील परिचारिका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतःच्या नोकरीवर अमेरिकेत गेल्या आणि पती त्यांच्या मागून गेले. समाजशास्त्रज्ञ शीबा जॉर्ज यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कुटुंबांचा अभ्यास केला आहे. पत्नीचा पगार आणि मान मोठा, पतीला मिळेल ते हलके काम, अशा घरांत पुरुषांची जी घुसमट झाली आणि समाजानेही त्यांना जी नावे ठेवली, ती त्यात वाचावयास मिळते. पुरुष आश्रित झाला की त्याचे दुःख सर्वांना दिसते. त्यावर ग्रंथ लिहिले जातात आणि नातेवाईक हळहळतात. स्त्री आश्रित झाली की पेढे वाटले जातात. जी स्थिती मुलाच्या वाट्याला आल्यास आपण आपत्ती मानू, ती मुलीच्या वाट्याला आल्यास भाग्य मानणे, यात न्यायबुद्धी दिसत नाही. आपल्या घरी आलेल्या प्रत्येक स्थळाला ही कसोटी लावून पाहावी.

आता परक्या राज्याच्या दोषाचा विचार करू. प्रत्येक राज्याला आपल्या लोकांच्या रोजगाराचे रक्षण करण्याचा हक्क आहे. उटनूरच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या जुन्या कुटुंबांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. अनुसूचित क्षेत्रातील जमिनीच्या हस्तांतरणाचा १९५९ चा विनियम १९६३ मध्ये तेलंगण भागाला लागू झाला, आणि १९७० च्या दुरुस्तीने बिगर-आदिवासींनी येथे जमीन घेणे पूर्णतः बंद झाले, आपसांतही. आपल्या वाडवडिलांना तो कायदा जाचला, अजूनही अनेकांना जाचतो. पण त्याच्यामागे न्याय होता. गोंड आणि कोलामांच्या जमिनी सावकारी कर्जात आणि कागदाच्या फेरफारात ज्या वेगाने गेल्या, त्याला कोठेतरी बांध घालणे आवश्यकच होते. बाहेरून आलेल्याच्या हक्कावर मर्यादा घालणे अन्याय्य असतेच असे नाही, हे आपण येथे राहून शिकलो आहोत.

परंतु त्याच अनुभवाने आपल्याला अशा मर्यादेची कसोटीही दिली आहे. जमिनीच्या विनियमाने दुर्बळाचे रक्षण होते. मी जमीन घेतली तर गोंड शेतकऱ्याची ती जाते. आश्रित परिचारिकेला घरी बसवून कोणाचे रक्षण होते? जेथे परिचारिका पुरत नाहीत, जेथे रुग्णालये परदेशांतून माणसे आणण्यासाठी खर्च करतात, तेथे त्याच गावात बसलेल्या, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या परिचारिकेला रोखल्याने स्थानिक रुग्णाचा तोटा होतो आणि फायदा कोणाचाच दिसत नाही. ज्या निर्बंधाने कोणाही दुर्बळाला आधार मिळत नाही आणि सक्षमाची शक्ती मात्र वाया जाते, तो निर्बंध न्यायाच्या दृष्टीने टिकत नाही. परक्या राज्याचा दोष आम्ही येथे, एवढाच धरतो. तो बदलणे आपल्या हाती नाही.

आपल्या हाती जे आहे, त्याकडे वळण्यापूर्वी आणखी एका पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. तो पक्ष म्हणजे येथला रुग्ण. उटनूरच्या सरकारी रुग्णालयात पावसाळ्यात तापाचे रुग्ण येतात, तेव्हा त्यांच्यातील कोणी गोंडी बोलतो, कोणी कोलामी, कोणी लंबाडी, कोणी मराठी, कोणी तेलुगू. दुरून बदलून आलेल्या डॉक्टरला हे कळत नाही. आपल्या घरांतील मुलींना मराठी आणि तेलुगू येतेच, थोडी गोंडीही कानावर पडलेली असते. म्हातारीला 'कुठं दुखतंय गं माय' असे विचारणारी परिचारिका तेथे असणे आणि नसणे यात किती अंतर आहे, हे त्या खाटेवर पडल्याशिवाय कळत नाही. तिच्या शिक्षणावर आई-बापांचा पैसा खर्च झाला असेल. पण ज्या रुग्णांच्या शरीरांवर तिचा हात बसला, ते याच भागातील गरीब होते. त्यांचे तिच्यावर काही ऋण आहे की नाही?

आहे, असे आमचे मत आहे. पण या ऋणापोटी तिने गाव सोडूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. मुलगा संगणकाची पदवी घेऊन गेला तेव्हा त्याला कोणी ऋणाची आठवण दिली नव्हती. ती केवळ मुलीलाच देणे हा पुन्हा पक्षपात होईल. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने परदेशी आरोग्यसेवकांच्या भरतीविषयी जी संहिता स्वीकारली, तिनेही आरोग्यसेवकाचा स्थलांतराचा हक्क मान्य करूनच मूळ देशाच्या गरजेकडे लक्ष वेधले आहे. परिचारिका येथून जाऊन तेथे रुग्णाची सेवा करीत असेल, तर विद्येचा उपयोग मनुष्यालाच होतो. रुग्ण बदलतो एवढेच. येथला रुग्ण तिला मुकला आणि तेथल्या रुग्णालाही ती मिळाली नाही, ही मात्र निव्वळ हानी आहे, आणि आश्रिताच्या व्हिसावर नेमके हेच घडते. तिने येथे राहण्याचे समर्थन करता येते, तेथे जाऊन काम करण्याचे समर्थन करता येते. दोन्हीकडून विद्या गमावण्याचे समर्थन कशाने करणार?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मुलीला स्वतःलाच काही वर्षे घरी राहावेसे वाटले तर? मूल लहान आहे, नवा देश आहे, रात्रपाळ्यांचा शीण नको आहे, असे तिने ठरविले तर त्यात गैर काय? काहीच गैर नाही. मुलाचे संगोपन हीसुद्धा परिचर्याच आहे, आणि तिला हलके लेखणारे आम्ही नव्हे. पण घरी राहण्याची निवड करण्यासाठी बाहेर जाण्याची वाट उघडी असावी लागते. दार बंद असताना आत बसलेल्या माणसाविषयी 'त्याला घर आवडते' असे म्हणता येत नाही. पुष्कळ मुली आई-वडिलांना काळजी नको म्हणून फोनवर 'मी मजेत आहे, मलाच आता नोकरी नको' असे सांगतात. ते शब्दशः घेण्यापूर्वी, वाट उघडी असती तर ती हेच म्हणाली असती काय, याचा विचार आई-वडिलांनी करावा.

आता कर्तव्याचा भाग. तो आम्ही क्रमाने सांगतो. पहिले कर्तव्य विवाह ठरविणाऱ्यांचे. मुलाचा पगार, शेती, गोत्र हे जसे विचारले जाते, तसे त्याचा व्हिसा कोणता, त्यावर पत्नीला काम करता येते काय, येत नसेल तर केव्हा येऊ शकेल, हे विचारावे; आणि विचारण्याचा अधिकार मुलीलाही असावा. हा प्रश्न विचारल्याने स्थळ मोडत असेल तर ते स्थळ कशावर उभे होते, हे कळले असे समजावे. दुसरे कर्तव्य मुलीचे स्वतःचे. जाण्यापूर्वी कौन्सिलमधील नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे. गुणपत्रके, अनुभवाची प्रमाणपत्रे आणि अभ्यासक्रमाच्या तासांचा तपशील महाविद्यालयाकडून घेऊन ठेवावा, कारण परदेशातून हे कागद मागविताना महिनोन्महिने जातात. इंग्रजीची परीक्षा आणि शक्य तर परवान्याची परीक्षा येथूनच द्यावी. जर्मनीकडे कल असेल तर भाषा येथेच शिकावी. तेलंगण शासनाची टॉमकॉम ही कंपनी परिचारिकांसाठी असे प्रशिक्षण देते. तेथे नोकरीची मुभा नसली तरी शिकण्याची असते, म्हणून पुढचा अभ्यासक्रम करावा. यातील काहीही व्यर्थ जात नाही.

तिसरे कर्तव्य पतीचे, आणि ते आम्ही सर्वांत मोठे समजतो. कायद्याने त्याच्या हाती एक सत्ता दिली आहे जी त्याने मागितली नव्हती. कंपनीला कायम वास्तव्याचा अर्ज लवकर करावयास लावणे, नोकरी बदलताना पत्नीच्या परवान्याचे काय होईल याचा विचार करणे, जेथे तिला काम करता येईल अशा देशात बदली मिळत असल्यास दोन पैसे कमी घेऊनही ती स्वीकारणे, हे सारे त्याच्या इच्छेवर आहे. जो पती या सत्तेचा वापर पत्नीला उभे करण्यासाठी करतो, त्याच्या घरात आश्रित हा शब्द पारपत्रावरच राहतो. जो तिचा उपयोग पत्नीला गप्प बसविण्यासाठी करतो, त्याने कायद्याच्या एका सोयीचे घरातील दास्यात रूपांतर केले, असे म्हणावे लागते. आनंदीबाईंना एकटे पाठविणारे गोपाळराव स्वभावाने कसेही असोत, पत्नीची विद्या आपल्या सोबतीपेक्षा मोठी आहे, एवढे त्यांनी १८८३ साली ओळखले होते.

चौथे कर्तव्य आपणा वडीलधाऱ्यांचे. मुलगी परत येऊन म्हणाली की, मला दोन वर्षे येथे राहून पुन्हा रुग्णालयात काम करावयाचे आहे, अनुभव तुटू द्यावयाचा नाही, तर 'लोक काय म्हणतील' हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये. लोक म्हणजे आपणच. नवरा तेथे आणि ही येथे, याचा अर्थ संसार मोडला असा आपण लावला नाही, तर दुसरे कोणी लावणार नाही.

आपली कुटुंबे तीन-चार पिढ्यांपूर्वी या जंगलाच्या मुलखात आली, तेव्हा येथे आपण कोणाचे तरी आश्रित होतो: कधी जमीनदाराचे, कधी नात्यातल्या आधी आलेल्याचे, बरेचदा येथल्या आदिवासी शेजाऱ्याच्या भलेपणाचे. तो आश्रय आपण विसरलो नाही, तसेच त्यात कायमचे बसूनही राहिलो नाही. त्याच्या आधाराने कामाला लागलो. परदेशी जाणाऱ्या आपल्या परिचारिका मुलींसाठी याहून अधिक काही आम्ही मागत नाही. त्यांना आश्रय मिळावा, आणि त्या आश्रयात त्यांच्या हाताला रुग्ण मिळावा. ते परक्या राज्याने मान्य करीपर्यंत निदान आपण तरी, त्यांच्या विवाहाच्या बोलण्यांत, त्या काय शिकल्या आहेत याचे नाव स्पष्टपणे घेऊ या.